वाचकांचे प्रश्न : गाडीचा रंग वाळला, पण पक्का झाला नाही

प्रश्न : जूनच्या अखेरीस एका टेम्पोचा धक्का लागून आमच्या लाल मोटारीचा डावीकडचा मागचा दरवाजा आणि त्याला लागून असलेला चाकावरचा पत्रा चेपला. गावातल्याच गॅरेजमध्ये ठोकाई, लांबी (पुट्टी) आणि रंगकाम करून घेतले. गाडी घरी येऊन आज १२ दिवस झाले. चकाकी उत्तम आहे, परंतु नख दाबले की खूण राहते, दार उघडताना कडेची रबर पट्टी रंगाला चिकटते आणि पहिल्या रात्री घातलेल्या कव्हरची वीण पत्र्यावर उमटली आहे. जवळ गेले की थिनरचा वासही येतो. रंगारी म्हणतात, "पावसाळा आहे, ऊन पडले की वाळेल. नाहीतर वरून क्लिअरचा आणखी एक हात मारून देतो." थांबावे, की त्यांचे ऐकावे?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : थांबायचे की रंग उतरवायचा, हे काही तपासण्या केल्यावर ठरेल. क्लिअरचा, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराचा, आणखी एक हात मात्र आज मुळीच मारू देऊ नका. खालचा थर नरम असताना त्यावर नवा थर चढवला, तर आतला थिनर आणखी कोंडला जातो. नव्या क्लिअरमधील ताजा थिनर खालच्या थरात उतरून त्याला पुन्हा फुगवतो, आणि वरचा थर कडक झाल्यावर खालची नरम बैठक हलू लागली की काही महिन्यांत सुरकुत्या, बारीक तडे किंवा पापुद्रे दिसू लागतात. आज एका थराचे असलेले काम तेव्हा दोन थरांचे होते.

आधी रंग वाळणे आणि रंग पक्का होणे यांतील फरक स्पष्ट करतो, कारण आपल्या प्रश्नाची सारी उकल त्या फरकात आहे. थिनर उडून गेला की रंग वाळतो. धुतलेले कापड वाळावे तसाच हा प्रकार असून त्यात कोणतीही रासायनिक क्रिया होत नाही. आजच्या मोटारींना जो क्लिअर मारतात तो मात्र दोन घटकांचा असतो, ज्याला रंगारी 'टू-के' म्हणतात. त्यातील ॲक्रिलिक राळ आणि हार्डनरमधील (रंग कडक करण्यासाठी ऐन वेळी मिसळायच्या घटकातील) आयसोसायनेट यांची एकमेकांशी गाठ बसते, अशा असंख्य गाठींचे जाळे विणले जाते, आणि त्या जाळ्यामुळे रंगाला नख, पेट्रोल, ऊन आणि पक्ष्यांची विष्ठा सोसण्याचे बळ येते. थिनर पूर्ण उडून गेला तरी गाठी बसल्या नसतील तर रंग कोरडा दिसतो आणि नरमच राहतो. "ऊन पडले की वाळेल" हे वाक्य त्यामुळे अर्ध्या प्रकरणांत खरे ठरते. उरलेल्या अर्ध्यांत कितीही ऊन पडले तरी काही होत नाही, कारण गाठ मारणारा घटकच तिथे नसतो.

आपल्या रंगाऱ्यांच्या म्हणण्यात तथ्य कुठे आहे, तेही सांगितले पाहिजे. ही क्रिया उष्णतेवर अवलंबून आहे. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढले की क्रियेचा वेग सुमारे दुप्पट होतो. बूथमध्ये, म्हणजे रंगकामाच्या बंद, तापवता येणाऱ्या खोलीत, पत्रा ६० अंश सेल्सिअसला ३० मिनिटे ठेवतात. तेच काम २० अंशांना करायचे तर चार वेळा दुप्पट, म्हणजे सोळा पट वेळ, म्हणजे सुमारे ८ तास लागतात, आणि बूथ नसलेल्या गॅरेजमध्ये गाडी रात्रभर ठेवतात ती याच हिशेबाने. एवढ्या वेळात रंग हाताळण्याजोगा होतो. त्याची पूर्ण ताकद मात्र साधारण आठवडाभराने येते. कोकणातल्या जुलैत तापमान काही २० अंशांच्या खाली जात नाही. म्हणून नुसत्या गारव्याने १२ दिवस रंग नरम राहिला, हे स्पष्टीकरण मला पटत नाही. दमट हवेचा वाटा असू शकतो, पण तो वेगळ्या वाटेने येतो आणि त्याविषयी पुढच्या पत्राच्या उत्तरात लिहिले आहे.

आता तपासण्या. पहिली तपासणी नुसत्या नजरेची आणि बोटाची आहे, आणि माझ्या मते तीच सर्वांत मोलाची. रंग नेमका कुठे नरम आहे ते पाहा. दरवाजा आणि मागचा पत्रा दोन्ही सर्वत्र सारखेच नरम असतील, तर संशय हार्डनरवर घ्यावा : प्रमाण चुकले, हार्डनर खराब झाले होते किंवा भलत्याच रंगाचे वापरले. एक पत्रा टणक आणि दुसरा नरम असेल, तर दोन्हींसाठी माल वेगवेगळ्या वेळी कालवला गेला आणि त्यातला एक बिघडला, असे समजावे. रंगाऱ्यांना विचारल्यास ते हे सहज आठवून सांगतील. नरमपणा फक्त खालच्या कडेला, ओघळ आला तिथे किंवा लांबी भरली त्या भागापुरता असेल, तर थर जाड झाला आणि आत थिनर अडकला, असा अंदाज बांधता येतो.

आपली गाडी लाल आहे, हेही विचारात घ्यायला हवे. लाल आणि पिवळ्या रंगांची खालचा थर झाकण्याची ताकद कमी असते. खालचा राखाडी प्रायमर दिसेनासा होईपर्यंत रंगाऱ्याला बेस कोटचे (क्लिअरखालच्या रंगीत थराचे) चार-पाच हात मारावे लागतात, जिथे इतर काही रंगांत दोन-तीन पुरतात. प्रत्येक हातानंतर १० ते १५ मिनिटे थांबून बेस निस्तेज दिसू लागला की मगच पुढचा हात मारायचा असतो आणि दमट हवेत त्याहून अधिक थांबावे लागते. ही उसंत न देता घाईने क्लिअर मारला तर क्लिअरवर साय धरते आणि बेसमधला थिनर खाली कोंडून राहतो. अशा कामात वरचा थर बऱ्यापैकी कडक असतो, पण नख दाबले की तो खालच्या मऊ थरात रुततो. आपल्याला १२ दिवसांनंतरही थिनरचा वास येतो ही खूण याच दिशेला बोट दाखवते, आणि ती चांगली खूण आहे, कारण अडकलेला थिनर बाहेर काढता येतो.

दुसरी तपासणी रोजची आहे. दार उघडल्यावरच दिसते अशा आतल्या कडेला रोज एकाच वेळी, शेजारी-शेजारी, सारख्याच जोराने नख दाबा आणि खूण किती खोल उमटते ते पाहत जा. चार-पाच दिवसांत खूण उथळ होत गेली तर रंग पक्का होतो आहे, थांबण्यात अर्थ आहे. खूण पहिल्या दिवशी होती तशीच राहिली, तर महिनाभर थांबूनही फरक पडणार नाही.

तिसरी तपासणी रंगाऱ्यांकडून त्यांच्यासमोरच करून घ्यावी. पांढऱ्या सुती कापडाचा बोळा पीयू (पॉलियुरेथेन) थिनरमध्ये, म्हणजे टू-के रंगांच्या थिनरमध्ये, भिजवून त्याच आडबाजूच्या कडेवर १० ते १५ सेकंद घासावा. पक्का क्लिअर फार तर किंचित मंद होतो. गाठी न बसलेला क्लिअर चिकट होऊन विरघळतो आणि कापडावर लाल रंग येतो. लाल रंग आला याचा अर्थ क्लिअरचा थर ओलांडून कापड बेसपर्यंत पोहोचले. तसे झाले तर वाद घालण्यासारखे काही उरत नाही.

तपासणीतून अडकलेला थिनर निघाला, तर उपाय हलक्या उष्णतेचा. इन्फ्रारेड दिव्याने पत्रा आधी ४० अंशांच्या आसपास तास-दोन तास ठेवावा आणि मग हळूहळू ६० अंशांपर्यंत नेऊन अर्धा-पाऊण तास राखावा. एकदम ६० अंशांवर नेले तर आतला थिनर उसळून बाहेर येतो आणि क्लिअरवर टाचणीच्या टोकाएवढी भोके पडतात. तापमान पत्र्याचे मोजायचे असते, हवेचे नव्हे. गॅरेजमध्ये तापमापी बंदूक असते, तिचा उपयोग करायला सांगा. गॅसची शेगडी, ब्लो लॅम्प किंवा उघडी ज्योत कोणी सुचवली तर ठामपणे नकार द्या. थिनरची वाफ पेट घेते.

हार्डनरच चुकले असेल, तर रंग उतरवण्यावाचून मार्ग नाही. वरून हार्डनर फवारून ते आतल्या थरात मुरेल, ही कल्पना काही रंगारी अजून बाळगतात, परंतु ते वरच्या पृष्ठभागापुरतेच राहते. उतरवताना वॉटर पेपरने घासत बसू नये. नरम रंग पेपरात भरतो आणि पेपर दोन मिनिटांत गुळगुळीत होतो. थिनरचे कापड आणि पातळ पत्ती यांनीच तो सोलून काढावा लागतो. त्यानंतर प्रायमर आणि लांबीही नखाने तपासून घ्यावी, कारण ज्या हाताने क्लिअर अंदाजाने कालवला, त्याने प्रायमरही अंदाजाने कालवलेला असू शकतो. खालचे थर टणक असतील तर ते रात्रभर मोकळे सोडून दुसऱ्या दिवशी नव्याने बेस आणि क्लिअर मारावा.

निकाल लागेपर्यंत गाडीवर कव्हर घालू नका, मेण, पॉलिश किंवा कोटिंग लावू नका, स्टिकर चिकटवू नका आणि झाडाखाली उभी करू नका. मेण पृष्ठभाग बंद करते आणि थिनरची वाट अडवते. काम नीट झाल्यावरही मेणासाठी महिनाभर थांबणे चांगले. कव्हरच्या विणीची खूण, रंग पक्का झाल्यावर, बारीक वॉटर पेपर आणि रबिंगने बहुधा निघून जाते. आज रबिंग केले तर रंग नुसता माखला जाईल.

रंगाऱ्यांशी बोलताना कोणता क्लिअर, कोणते हार्डनर आणि काय प्रमाण वापरले, हे बिलावर लिहून मागा. प्रामाणिक कारागिराला यात अपमान वाटण्याचे कारण नाही. दुरुस्तीस नकारच मिळाला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते आणि ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये जिल्हा आयोगाकडे जाता येते. तारखेसह काढलेली छायाचित्रे त्यासाठी जपून ठेवावीत. तरीही तपासण्या दोघांनी मिळून केल्या, तर बहुतेक वेळा प्रकरण तिथवर जात नाही, असा माझा अनुभव आहे.


प्रश्न : मी स्वतः रंगारी आहे. दोन-घटकी क्लिअर गेली तीन वर्षे वापरतो. यंदाच्या पावसाळ्यात दोन गाड्यांचा क्लिअर नरम राहिला. हार्डनर मी घातले होते, याची मला खात्री आहे. मग चूक कुठे झाली असेल?
— एक कारागीर, कोल्हापूर

उत्तर : स्वतःच्या कामातली चूक शोधण्यासाठी आपण पत्र लिहिलेत, याचे मला मनापासून कौतुक वाटते. हार्डनर घातले याची खात्री असली, तरी ते पुरेसे, योग्य आणि ताजे होते का, हे तीन प्रश्न वेगवेगळे आहेत.

प्रमाणापासून सुरुवात करू. बऱ्याच क्लिअरचे प्रमाण दोनास एक असते आणि बऱ्याच पीयू प्रायमरचे चारास एक. दिवसभर प्रायमर मारून संध्याकाळी क्लिअरला हात घातला की जुन्या सवयीने ३०० मिलिलिटर क्लिअरमध्ये १५० ऐवजी ७५ मिलिलिटर हार्डनर पडते. म्हणजे राळेतील निम्म्या जागा गाठीविना रिकाम्या राहतात. दुसरी चूक मापाची. डब्यावरचे प्रमाण आकारमानाचे आहे की वजनाचे, ते वाचले पाहिजे आणि मापाच्या खुणा असलेल्या सरळ भिंतींच्या भांड्यात कालवले पाहिजे. झाकणाने मोजलेले हार्डनर हा अंदाजच असतो. जास्त घातले की लवकर सुकेल, हीदेखील गैरसमजूत आहे. जास्तीचे हार्डनर जोडीदार न मिळाल्याने हवेतील ओलाव्याची वाट पाहत पडून राहते, थर सुरुवातीला नरम राहतो आणि पुढे ठिसूळ होतो.

पावसाळ्याचा संबंध इथे येतो. आयसोसायनेटला राळेइतकेच पाणीही प्रिय आहे. पाण्याचा एक रेणू आयसोसायनेटच्या दोन टोकांना गुंतवून ठेवतो. हिशेब केला तर एक ग्रॅम पाणी २० ते ३० ग्रॅम हार्डनर निकामी करू शकते. उघडलेला डबा अर्धा रिकामा करून झाकण नुसते टेकवून ठेवला, की जुलैची हवा त्यात रोज थोडे थोडे पाणी सोडते. हार्डनर गढूळ दिसत असेल, तळाशी किंवा झाकणाखाली पांढरट खर धरला असेल, किंवा डबा फुगला असेल, तर तो फेकून द्यावा. फुगण्याचे कारण त्या क्रियेतून निघणारा कार्बन डायऑक्साइड हा वायू. पावसाळ्यात मोठा डबा घेऊन बचत करण्यापेक्षा लहान डबे घेणे स्वस्त पडते. कॉम्प्रेसरच्या टाकीतले पाणी सकाळी आणि दुपारी सोडणे, तसेच रंग फवारण्याच्या गनजवळ पाणी अडवणारा फिल्टर लावणे याला पर्याय नाही.

तिसरे कारण मी सर्वांत जास्त वेळा पाहिले आहे आणि त्याबद्दल सर्वांत कमी बोलले जाते : थिनर. एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगांसाठीचा थिनर स्वस्त असतो आणि प्रत्येक गॅरेजमध्ये गन धुण्यासाठी ठेवलेला असतो. त्यात बहुधा अल्कोहोल असते. हार्डनर ज्या टोकाने राळेला धरते, तशाच प्रकारचे टोक अल्कोहोललाही असते. त्यामुळे हार्डनर राळेऐवजी अल्कोहोलशी गाठ मारते आणि ती गाठ तिथेच संपते, पुढे जाळे वाढत नाही. प्रमाण अचूक, हार्डनर ताजे, आणि तरीही रंग कच्चा, असे कोडे पडले की पहिला प्रश्न थिनरविषयी विचारावा. उमेदवारीच्या काळात माझ्या हातून एका बॉनेटचे असे काम झाले होते. पीयू थिनर संपला होता आणि संध्याकाळी गाडी द्यायची होती. तिसऱ्या दिवशी मालक ती परत घेऊन आले, तेव्हा बॉनेटवर त्यांच्या तळहाताचा पूर्ण ठसा होता. सगळा क्लिअर खरवडून काढायला मला दीड दिवस लागला. पीयू थिनर पाणी आणि अल्कोहोल यांपासून मुक्त ठेवलेला असतो, आणि त्याची जास्तीची किंमत याच शुद्धतेची असते.

दोन सवयी लावून घ्या. काम संपल्यावर कालवण्याच्या भांड्यात उरलेला क्लिअर लगेच ओतून टाकू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी तो घट्ट जेलीसारखा झालेला असला पाहिजे. पाण्यासारखा पातळ असेल, तर गाडी ग्राहकाच्या ताब्यात देण्यापूर्वीच आपल्याला चूक कळली. दुसरी सवय म्हणजे प्रत्येक कामासोबत पत्र्याच्या एका पट्टीवर तोच प्रायमर, तोच बेस आणि तोच क्लिअर मारून ती गाडीशेजारी टांगून ठेवायची. नख, थिनर, रबिंग, सगळे प्रयोग त्या पट्टीवर करता येतात आणि ग्राहकाच्या दाराला हात लावावा लागत नाही.

लांबीविषयीही एक ओळ. पॉलिएस्टर लांबीला साधारण दोन टक्के हार्डनर लागते, म्हणजे १०० ग्रॅमला २ ग्रॅम, आणि ते एकजीव होईपर्यंत मळावे लागते. कडेला पातळ ओढलेली लांबी चिकट राहिली तर घाबरू नये. हवेतील प्राणवायू पृष्ठभागावरची क्रिया अडवतो, तो चिकटपणा घासून निघतो. मात्र आत गोळा नरम असेल, तर ती पूर्ण खोदून काढा.

शेवटी आपल्या तब्येतीविषयी, आणि हे मी कळकळीने लिहितो आहे. आयसोसायनेटमुळे दमा जडतो, आणि एकदा जडला की पुढे अगदी थोड्या फवाऱ्यानेही श्वास कोंडतो. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा कापडी मास्क याला मुळीच अडवत नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा ही खरी सोय आहे. कच्चा राहिलेला थर घासतानाही त्यात न गुंतलेले आयसोसायनेट असू शकते. म्हणून तेव्हाही मुखवटा आणि हातमोजे काढू नका.


प्रश्न : वडिलांची जुनी प्रीमियर पद्मिनी मी घरीच सिंथेटिक एनॅमलने रंगवली. तीन आठवडे झाले तरी रंग मऊ आहे. आता वरून टू-के क्लिअर मारला तर तो कडक होईल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : होणार नाही, उलट रंग सुरकुतेल. एनॅमलची रीत वेगळी आहे. त्यात हार्डनर नसते. तेल हवेतील प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होते आणि ही क्रिया वरून खाली सरकते. थर जाड दिला की वर साय धरते आणि आत प्राणवायू पोहोचत नाही. त्यावर टू-के क्लिअरचा तीव्र थिनर पडला की अर्धवट घट्ट झालेले एनॅमल फुगून उचलले जाते आणि पृष्ठभाग सुरकुतलेल्या कातडीसारखा दिसतो.

रंग पातळ करण्यासाठी आपण काय वापरलेत, हे पत्रात नाही. टर्पेंटाइनऐवजी रॉकेल घातले असेल, तर विलंबाचे ते एक मोठे कारण आहे, कारण रॉकेल सावकाश उडते आणि मागे तेलकटपणा ठेवते. गाडी हवेशीर, कोरड्या जागी ठेवा, दुपारचे ऊन मिळू द्या आणि आणखी महिनाभर वाट पाहा. तेवढ्यात नखाची खूण उमटेनाशी झाली, तर बारीक वॉटर पेपरने पृष्ठभाग सपाट करून एनॅमलचाच एक पातळ हात द्या. टू-केची चकाकीच हवी असेल, तर सगळे एनॅमल पत्र्यापर्यंत उतरवून इपॉक्सी प्रायमरपासून सुरुवात करावी लागेल. त्या गाडीच्या दारांचे खालचे कोपरे आणि पायदानाचा पत्रा हमखास गंजलेला सापडतो. रंग उतरवलाच, तर आधी तिथला गंज कापून नवा पत्रा जोडून घ्या आणि मगच प्रायमरचा डबा उघडा.